दोस्ती हैदराबादची, खर्च वऱ्हाडचा

दोन राज्यांच्या मैत्रीचा इतिहास बहुधा राजधानीत बसून लिहिला जातो. तहावर सह्या कोणाच्या, फौज किती, नजराणा काय, दरबारात कोण कुठे बसले, यातच तो संपतो. निजाम आणि इंग्रज यांच्या दीडशे वर्षांहून लांबलेल्या दोस्तीचेही तसेच झाले. हैदराबादची रेसिडेन्सी, कलकत्त्याचे गव्हर्नर जनरल आणि लंडनचे इंडिया ऑफिस या तीन ठिकाणांहून तिच्यावर ढीगभर लिहिले गेले. ती देऊळघाटहून कशी दिसते, हे मात्र फार थोड्यांनी पाहिले.

देऊळघाट हे बुलडाणा तालुक्यातले घाटमाथ्यावरचे जुने गाव. या जिल्ह्यात माणसाची पहिली ओळख तो घाटावरचा की घाटाखालचा, अशी होते. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव : कपाशीची काळी जमीन, रेल्वे आणि मोठे बाजार. जुन्या दप्तरात हा पाईनघाट. घाटावर बुलडाणा, चिखली, मेहकर : हलकी-भारी जमीन, थंड हवा आणि पोहोचायला वळणाचा रस्ता. हा बालाघाट. देऊळघाटहून आणखी पुढे भोकरदन-जाफराबादच्या अंगाला गेले, की जुनी माणसे ज्याला मोगलाई म्हणत तो निजामाचा मुलूख लागे. १८५३ पासून १९४७ पर्यंत ही सीमा दोन 'मित्रां'मधली होती. एका बाजूला इंग्रजांचा वऱ्हाड, दुसऱ्या बाजूला निजामाचा मराठवाडा. गंमत अशी की कागदोपत्री दोन्ही बाजू निजामाच्याच होत्या. संरक्षण, व्यापार आणि संस्कृती या तिन्ही अंगांनी ही मैत्री तपासायची, तर या सीमेइतकी सोयीची जागा नाही.

मुळात निजामाचे राज्य जन्मले तेच या जिल्ह्यात. ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या मैदानात निजाम-उल-मुल्काने मोगल सुभेदार मुबारिजखानाचा पराभव केला. मुबारिजखान मारला गेला, दक्षिणेचा सुभा निजामाच्या हाती कायमचा आला आणि गावाचे नाव फत्तेखेर्डा पडले. त्या लढाईत बाजीराव पेशवा निजामाच्या बाजूने होता. शाहू छत्रपतींच्या दरबाराने तेव्हा निजामाला मदत करण्यात फायदा पाहिला आणि त्या घटकेपुरता तो हिशेब बरोबर होता. मैत्री चार वर्षेही टिकली नाही. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला त्याच बाजीरावाने निजामाला पाण्यावाचून कोंडले आणि मुंगी-शेवगावच्या तहात चौथ-सरदेशमुखी मान्य करून घेतली. पुढे १७५७ च्या अखेरीस सिंदखेड राजाजवळ पेशव्यांच्या फौजांनी निजाम अलीला पेचात पकडले, तेव्हा बोलणी साखरखेर्ड्यालाच येऊन थांबली.

या सगळ्यात वऱ्हाडच्या रयतेच्या वाट्याला आली ती दोअंमली. सार्वभौमत्व निजामाचे, पण नागपूरकर भोसल्यांचे कमाविसदार गावोगाव बसलेले आणि निम्म्याहून अधिक वसूल त्यांच्या झोळीत. एकाच शेतकऱ्याच्या दारात दोन सरकारांचे शिपाई येत. दोन सत्तांमधल्या सहकार्याचा हा पहिला नमुना आणि त्याची गत वाईटच होती : कर दोघांचा, रक्षण कोणाचेच नाही. पेंढारी आले तर पाटलाने गढीचे दार लावून घ्यायचे, एवढीच काय ती संरक्षणव्यवस्था.

इंग्रजांशी निजामाचा पहिला मोठा तह १७६६ चा. मद्रासच्या बाजूचे उत्तर सरकार हे प्रांत ईस्ट इंडिया कंपनीला द्यायचे, बदल्यात कंपनीने पेशकश भरायची आणि गरजेला फौज पाठवायची. १७९० मध्ये म्हैसूरच्या टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज एकत्र आले आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला लूट तिघांनी वाटून घेतली. इथवर ही बरोबरीच्या लोकांची भागीदारी म्हणता येईल. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला गाठले, तेव्हा मात्र त्याने इंग्रज मित्राकडे पाहिले आणि गव्हर्नर जनरल सर जॉन शोर यांनी हात वर केले. दोन्ही पक्ष आमचे मित्र, तेव्हा आम्ही कोणाच्याच बाजूने नाही, असा पवित्रा. एकटा पडलेला निजाम चिडून फ्रेंच सेनानी रेमंडच्या पलटणी वाढवू लागला.

इथून खरा खेळ सुरू झाला. १ सप्टेंबर १७९८ च्या तहाने कंपनीच्या सहा पलटणी हैदराबादला बसल्या आणि महिन्या-दीड महिन्यात फ्रेंच पलटणी मोडल्या गेल्या. १२ ऑक्टोबर १८०० च्या तहाने ही तैनाती फौज वाढली, परराष्ट्रव्यवहार कंपनीच्या हाती गेला आणि फौजेच्या कायमच्या खर्चापोटी निजामाने टिपूच्या राज्यातून मिळालेला सगळा वाटा, म्हणजे बळ्ळारी, अनंतपूर, कडप्पाकडचा मुलूख, कंपनीला परत दिला. मित्राबरोबर लढून जे मिळवले, तेच मित्राच्या शिपायांच्या पगारात गेले. १८०२ मध्ये व्यापारी तह झाला आणि दोन्ही राज्यांमधल्या मालावर ५ टक्के जकात ठरली. संरक्षणाचे कागद झाले, मागोमाग व्यापाराचेही झाले.

पुढच्याच वर्षी या मैत्रीची परीक्षा वऱ्हाडच्या उंबऱ्यावर झाली. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला इंग्रज सेनानी आर्थर वेल्स्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. असई आज जालना जिल्ह्यात आहे, बुलडाण्याच्या सीमेपासून फार लांब नाही. लढाई वेल्स्लीने जिंकली, पण त्याच्या जखमी सैनिकांना निजामाच्या दौलताबादच्या किल्लेदाराने दार उघडले नाही आणि इस्पितळ अजिंठ्याला हलवावे लागले. दरबारात मैत्री आणि किल्ल्यावर दार बंद, ही गोष्ट इंग्रज पुढे कधी विसरले नाहीत. २९ नोव्हेंबरला आडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड, १७ डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा तह. १८०४ च्या वाटणीत वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाला मिळाला आणि दोअंमली संपली. वऱ्हाडवर एकट्या निजामाचे राज्य आले ते इंग्रजांनी मिळवून दिलेले. वऱ्हाड पुढे हातचा जाण्याचे मूळ मी या उपकारात पाहतो. जे मित्राने दिले, ते मित्र कधीतरी मागणार.

मागायची पद्धत मात्र सरळ नव्हती आणि या सबंध प्रश्नातला सगळ्यात बोधक भाग हाच आहे. १८०० च्या तहात एक कलम होते : युद्धकाळात निजामाने आपले ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ मदतीला द्यावे. निजामाची फौज निकामी आहे अशी इंग्रज सेनानींची तक्रार होती. रेसिडेंट हेन्री रसेलने १८११ नंतरच्या काळात त्यावर उतारा काढला : निजामाच्याच पैशाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, कवायती पलटणी उभ्या करायच्या. ती 'रसेल ब्रिगेड' पुढे 'हैदराबाद कंटिन्जंट' झाली. तहात तिचा उल्लेख नव्हता. तहाने मागितली होती युद्धकाळातली मदत आणि उभी राहिली ती बारमाही फौज. दर वर्षीचा खर्च सुमारे ४० लाखांवर गेला. अधिकाऱ्यांचे पगार आणि भत्ते इतके घसघशीत, की खर्च काय, सगळा निजामच भरतो, अशी थट्टा छावणीतच चाले.

तैनाती फौज वेगळी आणि कंटिन्जंट वेगळी, हे लक्षात ठेवायला हवे. पहिलीसाठी निजामाने मुलूख आधीच तोडून दिला होता. दुसरीचे बिल दरमहा येत राहिले आणि दिवाण चंदुलाल ते कर्ज काढून भागवत राहिला. कर्ज देणारी पेढी होती विल्यम पामर अँड कंपनी, स्थापना १८१४. विल्यम पामर हा इंग्रज जनरल आणि मोगल खानदानी स्त्री यांचा मुलगा. त्याचा एक भागीदार विल्यम रंबोल्ड हा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जच्या घरातला, कारण त्याची बायको हेस्टिंग्जने वाढवलेली होती. देशी राजांना कर्ज देण्यावरची कायदेशीर बंदी या पेढीपुरती १८१६ मध्ये उठवली गेली. व्याज सालीना २४ टक्क्यांच्या घरात. म्हणजे इंग्रज रेसिडेंटने फौज उभारायची, इंग्रज अधिकाऱ्यांनी पगार घ्यायचा, इंग्रजांच्या मर्जीतल्या पेढीने तो पगार कर्जाऊ द्यायचा आणि परतफेडीला मुलखाचा वसूल लावायचा. १८२० मध्ये चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट म्हणून आला, त्याने हे प्रकरण उकरून काढले आणि पेढी बुडाली. निजामाचे कर्ज फेडायला कंपनीने जे पैसे दिले, ते उत्तर सरकारच्या पेशकशीचा हक्क कायमचा विकत घेऊन. १७६६ चे येणे असे संपले.

या सगळ्याची झळ वऱ्हाडपर्यंत येई ती इजाऱ्याच्या वाटेने. मुलूख सावकाराला इजाऱ्याने द्यायचा. सावकाराने रक्कम आगाऊ भरायची आणि मग ती रयतेकडून सव्याज काढायची. पुरणमलसारखे हैदराबादचे बडे सावकार वऱ्हाडचे इजारदार होते. त्यांच्यानंतर विकाजी आणि पेस्तनजी या पारशी बंधूंची पेढी आली. या पेढीबद्दल लिहिताना माझी थोडी पंचाईत होते. इजारदार म्हणून ती इतरांसारखीच, पण वऱ्हाडच्या कपाशीला मुंबईची वाट दाखवली तीही याच पेढीने. १८२५-२६ मध्ये ५०० बैलांच्या पाठीवर लादून त्यांनी वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईला रवाना केला. पुढे खामगावला त्यांनी कापूस दाबायचे स्क्रूही बसवले. दोन राज्यांमधल्या तहांनी जो व्यापार वाढला नाही, तो बैलांनी वाढवला. १८४० च्या दशकात चंदुलाल गेला, पेढीकडचे जिल्हे काढून घेतले गेले आणि पेस्तनजींचे पैसे अडकले.

१८५३ पर्यंत कंटिन्जंटच्या थकलेल्या पगारापोटी निजाम कंपनीला पन्नास लाखांच्या घरात देणे लागत होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीला मुलूख हवा होता. तोही कपाशीचा. २१ मे १८५३ च्या तहाची बोलणी रेसिडेंट कर्नल लो याने केली. निजाम नासिरुद्दौला याने त्याला जे सांगितले ते लोच्याच कागदपत्रांत नोंदले आहे : वडिलार्जित मुलूख विनाकारण देणे आणि इमानाने राबलेली फौज मोडणे, या दोन गोष्टी राजाला बट्टा लावणाऱ्या आहेत. मुलूख द्यावा तर पहिली, न द्यावा तर दुसरी. अखेर त्याने वऱ्हाड, नळदुर्ग आणि रायचूर दुआब कंपनीकडे सोपवले. बदल्यात कंपनीने ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि तोफखान्याच्या चार बॅटऱ्यांचा खर्च त्या उत्पन्नातून भागवायचा, हिशेब दर वर्षी द्यायचा आणि शिल्लक निजामाला द्यायची. सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. लोकांनी याला एका शब्दात ओळखले : गहाण.

या व्यवहाराबद्दल इतिहासकारांचे मत एक नाही. आल्फ्रेड लायल याने १८७० मध्ये 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'चे गॅझेटिअर सिद्ध केले. त्यात सूर असा की दोअंमली आणि इजारा यांतून वऱ्हाडची सुटका झाली. सरोजिनी रेगणी यांचा 'निजाम-ब्रिटिश रिलेशन्स' हा ग्रंथ १७२४ ते १८५७ या काळाचा आहे. करारातली विषमता त्यात पायरीपायरीने दिसते. आमच्या बुलडाण्याचे यादव माधव काळे यांनी १९२४ मध्ये 'वऱ्हाडचा इतिहास' लिहिला. हैदराबाद आणि कलकत्ता सोडून प्रांत हाच नायक मानणारे मराठीतले ते पहिले मोठे काम, आणि अजूनही त्याला तोड नाही. अलीकडे लक्ष्मण सत्या यांनी १८५० ते १९०० या काळातल्या वऱ्हाडच्या कापसाची आणि दुष्काळाची सांगड घातली. नगदी पिकाने चराऊ रान आणि धान्याचा साठा खाल्ला आणि १८९६-९७ नि १८९९-१९०० च्या दुष्काळात माणसे मेली, असे त्यांचे म्हणणे. लायल आणि सत्या यांच्यात निवड करायचीच तर मी अर्धा-अर्धा कौल देईन. रयतवारी पाहणी, सातबाऱ्याचे पूर्वज असलेले कागद, इजारदाराच्या जागी ठरलेला सारा, हे सगळे घाटावरच्या कुणब्याला निजामी कारभारापेक्षा नक्कीच बरे वाटले असेल. पण दुष्काळात सारा वसूल होत राहिला, हेही त्याच कागदांत आहे.

१८५७ च्या उठावात कंटिन्जंट बहुतांशी इंग्रजांशी एकनिष्ठ राहिली आणि मध्य हिंदुस्थानात इंग्रज सेनानी ह्यू रोजबरोबर लढली. तरुण दिवाण सालारजंगाने हैदराबाद शांत ठेवले. १८६० मध्ये त्याचे बक्षीस मिळाले : नळदुर्ग आणि रायचूर परत, शोरापूरचे संस्थान निजामाला, पन्नास लाखांचे कर्ज माफ. वऱ्हाड मात्र परत नाही. ज्या कर्जापोटी वऱ्हाड घेतला, ते माफ केले आणि वऱ्हाड ठेवून घेतला! सालारजंग पुढे या एकाच मागणीमागे लागला, १८७६ मध्ये इंग्लंडला जाऊन आला आणि रिकाम्या हाताने परतला. तोवर अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कपाशीचे भाव चढवले होते, लँकेशायरच्या गिरण्यांना वऱ्हाड कळला होता आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे मलकापूर-नांदुरा-शेगाव करत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली होती. १८७० मध्ये जलंबहून खामगावचा फाटाही निघाला. असा मुलूख कोण परत देतो?

बुलडाणा जिल्हा या धामधुमीतच घडला. १८६४ मध्ये पश्चिम वऱ्हाडचा तुकडा पाडून आधी मेहकरच्या नावाचा आणि मग बुलडाण्याचा जिल्हा झाला. गोऱ्या साहेबांना बुलडाण्याची हवा मानवली.

सीमेवरच्या माणसाला ही मैत्री रोजच्या व्यवहारात भेटे. इकडे इंग्रजी कलदार रुपया, तिकडे निजामाचा हाली शिक्का. शंभर कलदारांना साधारण ११६ हाली पडत. भोकरदनच्या बाजारात बैल विकून आलेला माणूस देऊळघाटच्या वाण्याकडे मीठ घ्यायला गेला, तर आधी बट्ट्याचा हिशेब. मोगलाईच्या नाक्यावर करोडगिरी भरावी लागे. शेतमाल, कापड, गूळ, सगळ्यावर. इकडच्या कचेरीत कारभार मराठीत, तिकडे १८८४ नंतर उर्दूत. त्यापूर्वी फारसीत. इकडच्या सातव्या यत्तेच्या मुलाला तिकडच्या कचेरीतला कागद वाचता येत नसे. सोयरीक मात्र थांबली नाही. मोगलाईत लेक देणे किंवा तिकडची सून आणणे यात कुणाला वावगे वाटले नाही. लग्नाच्या देण्याघेण्यात रुपया हाली की कलदार हे आधी बोलून घेत, एवढेच.

संस्कृतीचे जे काही सहकार्य झाले, ते या पातळीवर झाले. त्यासाठी कोणी तह केला नव्हता. देऊळघाटमध्ये आजही मराठी आणि उर्दू दोन्ही एका गल्लीत ऐकू येतात. पिंपळगाव सराईच्या सैलानी बाबांच्या यात्रेला होळीच्या सुमारास मराठवाड्यातून आणि विदर्भातून हिंदू-मुसलमान दोन्ही येतात. शेगाव हे गजानन महाराजांचे ठिकाण असल्याने मराठवाड्याच्या वारकऱ्यांची पावले घाट उतरून तिकडे वळतात. ही ये-जा सरकारांनी घडवली नाही, पण त्यांनी ती अडवलीही नाही. त्या काळच्या दोन सरकारांना याबाबतीत एवढे श्रेय देऊन टाकू.

दरबारी पातळीवर संस्कृती म्हणजे किताब. १९०२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली खान यांच्याशी करार केला : वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने, सालीना २५ लाख रुपये. त्याच सुमारास निजामाला जी.सी.बी. हा बहुमान मिळाला. हैदराबादकरांनी त्या अक्षरांचा अर्थ 'गेव्ह कर्झन बेरार' असा लावला. एवढ्या थोडक्यात एखाद्या आंतरराष्ट्रीय कराराचे परीक्षण मी दुसरे पाहिलेले नाही. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला आणि ज्या कंटिन्जंटसाठी हे सगळे झाले होते, ती वेगळी फौज म्हणून संपून हिंदी लष्करात विलीन झाली. मुलूख घेण्याचे कारण गेले, मुलूख राहिला.

पहिल्या महायुद्धात निजाम उस्मान अली खान यांनी पैसा आणि माणसे दिली. १९१८ मध्ये त्यांना 'हिज एक्झॉल्टेड हायनेस' आणि 'फेथफुल अॅलाय ऑफ द ब्रिटिश गव्हर्नमेंट', म्हणजे यार-ए-वफादार, हे किताब मिळाले. किताब मिळाल्यावर निजामाने मित्र या नात्याने वऱ्हाड परत मागितला. त्यावर व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांचे मार्च १९२६ चे उत्तर प्रसिद्ध आहे : ब्रिटिश सत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ आहे आणि तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाद घालण्याचा हक्क कोणत्याही संस्थानिकाला नाही. यार-ए-वफादारला मित्राने इतक्या थंडपणे त्याची जागा दाखवली. पुढे ऑक्टोबर १९३६ च्या कराराने निजामाचा मान राखला : युवराज आझम जाह 'प्रिन्स ऑफ बेरार' झाले, निजाम 'हैदराबाद आणि वऱ्हाडचे' झाले, वऱ्हाडात युनियन जॅकशेजारी निजामाचा झेंडा लावायचा, मशिदींतून खुतबा त्यांच्या नावाने पढायचा आणि मध्यप्रांत सरकारकडे निजामाचा प्रतिनिधी राहायचा. कारभाराची एक फाईल हलली नाही.

या दीडशे वर्षांत वऱ्हाडच्या लोकांना एकदाही विचारले गेले नाही. संस्थान विरुद्ध साम्राज्य असा हा वाद मांडला जातो आणि दोन्ही बाजूंचे वकील वऱ्हाड ही वस्तू आहे असे धरून बोलतात. अणे, पंजाबराव देशमुख, ब्रिजलाल बियाणी अशी वऱ्हाडची पुढारी माणसे पुढे आली, तेव्हा कुठे प्रश्नात तिसरा पक्ष उभा राहिला. १९४७ मध्ये इंग्रज जाणार हे ठरल्यावर वऱ्हाड पुन्हा निजामाकडे जाईल ही भीती इथे खरी होती. ऑगस्ट १९४७ चा अकोला करार तेव्हाचा. पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ यांच्या नात्याची ती बोलणी असली, तरी मागे वऱ्हाडच्या भवितव्याची काळजी होती. मोगलाईत रझाकार वाढले, सरहद्दीच्या अलीकडे स्वातंत्र्यसैनिकांचे कॅम्प पडले. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या दिवसांत हैदराबादचा प्रश्न संपला आणि घाटावरच्या सीमेलाही अर्थ उरला नाही. १९५६ मध्ये मराठवाडा आणि विदर्भ एका राज्यात आले.

आजच्या मित्रराष्ट्रांचे करार वाचताना वऱ्हाड आठवतो, कारण परक्या फौजेचा खर्च यजमानाने उचलण्याची पद्धत संपलेली नाही. दक्षिण कोरिया १९९१ पासून आपल्या भूमीवरच्या अमेरिकी फौजेच्या खर्चात वाटा देतो. जपानही देतो. फरक असा की तिथे दर काही वर्षांनी आकडा ठरवताना संसदेत आणि वर्तमानपत्रांत भांडण होते, आकडा सर्वांना कळतो. चंदुलालने पामरकडून किती घेतले हे वऱ्हाडच्या पाटलाला कधी कळले नाही. माझ्या मते मित्रराष्ट्रांच्या करारात पाहायची पहिली गोष्ट ही : फौज कोणाच्या हुकमाखाली आहे आणि तिचा हिशेब कोणाला दाखवला जातो. हुकूम एकाचा आणि पैसा दुसऱ्याचा असेल, तर आज ना उद्या एखादा वऱ्हाड गहाण पडतो.

ती फौज मात्र टिकली. कंटिन्जंटचे रिसाले पुढे डेक्कन हॉर्स झाले. १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वुडला त्यांनी हल्ला चढवला आणि १९६५ मध्ये असल उत्तरच्या रणगाड्यांच्या लढाईत हीच रेजिमेंट भारतासाठी लढली. पायदळाच्या पलटणी, त्यात रसेलच्या नावाच्याही आणि ९६ वी बेरार इन्फंट्रीही, १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये आल्या. तिचेच नाव १९४५ मध्ये कुमाऊं रेजिमेंट झाले. वऱ्हाडच्या साऱ्यावर पोसलेली फौज अशी हिमालयाच्या नावाने ओळखली जाते. जिल्ह्यातल्या शाळांत हे शिकवले जात नाही. शिकवायला हवे.

आर्थिक सहकार्याचे मात्र एक काम अपुरेच राहिले. खामगावला इंग्रजांची रेल्वे १८७० मध्ये आली. मनमाड-जालना-सिकंदराबाद ही हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास झाली. दोन मित्रांच्या दोन रेल्वे, मधे फक्त घाट आणि चिखली-देऊळगाव राजाचा पट्टा. पण दोन्ही सरकारांनी आपापला माल आपापल्या रेल्वेने नेला आणि मधला दुवा जोडण्याची कोणालाच निकड वाटली नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. सर्वेक्षणे झाली, रूळ पडले नाहीत. बुलडाणा शहरात आजही रेल्वे नाही.